भित्री डाक्टरीण

माणसं डॉक्टरला भितात, अशी जगाची रीत. आमच्या जळकोटात डाक्टरीणच जगाला भ्यायची.

नीलाक्का कुत्र्याला भ्यायच्या, विजेला भ्यायच्या, बैल उधळतील म्हणून गाडीत बसायला भ्यायच्या. सोलापूर-हैदराबाद रस्त्यानं एखादी मोटार भर्रकन गेली की ओट्यावरून उठून आत जायच्या. निजामी अमल होता, त्यामुळं खाकी कपड्यातलं कुणीही दिसलं की त्या वाट बदलायच्या. करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावरचा शिपाई दम्यानं बेजार होता. तो बिचारा औषध न्यायला आला की त्याची बाटली उंबऱ्यावर ठेवून अक्का दाराआड उभ्या राहायच्या आणि तिथूनच सांगायच्या, "हलवून घ्या. उपाशीपोटी नको." शिपाईही जाताना दाराला नमस्कार करून जायचा.

मी तेरहून लग्न होऊन आले तेव्हा अक्का चाळिशीच्या असतील. उंच, सडसडीत, कपाळाला विभूतीचे पट्टे, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. गळ्यात शिवदाराच्या दोऱ्यात ओवलेली चांदीची करडगी, म्हणजे डबी, तिच्यात त्यांचं इष्टलिंग. भीती वाटली की हात त्या करडगीवर जायचा, म्हणजे दिवसातला बराचसा वेळ तो तिथंच असायचा. आमच्याशी मराठी बोलायच्या, पण दचकल्या की आतली कानडी बाहेर यायची, "अय्यो शिवने!" त्यांचं घर आमच्या घरासमोर. मधे फक्त गल्ली. 'भित्री डाक्टरीण' हे नाव आमच्या सासूबाईंनीच ठेवलं होतं आणि ते साऱ्या गावानं उचललं. अक्कांच्या कानावर गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, "खरंच हाय की."

असं असून बाई अडली की सगळे त्यांच्याकडंच धावायचे. मोठ्या शहरातल्या जनाना दवाखान्यातली नोकरी सोडून त्या वडिलांच्या गावी येऊन बसल्या होत्या. वडिलांच्या अडत दुकानाच्या दोन खोल्या, तोच दवाखाना. नोकरी का सोडली, ते कुणाला ठाऊक नव्हतं. गावानं आपापल्या परीनं कारणं लावली होती, त्यातली दोन-तीन सांगण्यासारखीही नाहीत.

आतल्या खोलीत पाण्याच्या रांजणामागं, जिथं उन्हाळ्यातही ओल धरायची, तिथं एक लहान मडकं होतं. मडक्यात ओली वाळू, वाळूत पत्र्याची डबी, डबीत कापूस आणि कापसात काचेच्या इवल्या इवल्या कुप्या. सकाळी लिंगपूजा झाली की अक्का त्या वाळूवर पाणी शिंपडायच्या. मला वाटायचं, हाही पूजेचाच भाग. एकदा विचारलं, "अक्का, काय हाय त्यात?"

"भ्या," त्या म्हणाल्या.

मग बसवून घेऊन त्यांनी मला समजावून सांगितलं. मला वाचायची आवड होती, आमच्या घरात तसं कुणी बोलायला नव्हतं, त्यामुळं अक्कांचं बोलणं मी कान देऊन ऐकायची.

"बाईच्या डोक्यात, मेंदूच्या बुडाला, वाटाण्याएवढी गाठ असती," त्या म्हणाल्या. "तिच्यातनं एक रस येतो. बाळंतकळा त्याच्याच. लेकरू रडलं की पान्हा फुटतो, तोबी त्याच्यामुळंच. आईला लेकराची माया येती ना, त्यातबी त्याचा हात असंल असं मला आपलं वाटतंय. पुस्तकात न्हाय तसं."

"आणि कुपीत?"

"तसलाच रस. जनावराच्या गाठीतनं काढलेला."

"कुठल्या जनावराच्या?"

अक्कांचा हात करडगीवर गेला. "ते इचारू नको. मीबी इचारलं न्हाय."

कुपीतला तो अर्क उबेनं बिघडतो, त्याचं नुसतं पाणी होतं, म्हणून ती ओली वाळू. आणि त्याचं भय कशासाठी, तर देह आपला रस थेंबाथेंबानं देतो. कळ येते, सुटते, आईला आणि बाळाला दम खायला वेळ मिळतो. सुईनं मात्र तो एकदम जातो. कळ सुटतच नाही. वाट मोकळी असली तर ठीक. मूल आडवं असलं, मोठं असलं, वाट तयार नसली, तर पिशवी फाटते.

"मग ठेवता कशाला असलं?"

"बाळ बाहेर आलं, वार पडली, की पिशवी आवळली पायजे. न आवळली तर रगत थांबत न्हाय, बघता बघता बाई जाती. तवा ही सुई देवासारखी. बाळ बाहेर, मग सुई. आधी न्हाय."

'बाळ बाहेर, मग सुई' हे त्यांचं पालुपद होतं. जपासारखं म्हणायच्या. बाळंतिणीच्या घरात शिरताना आधी ते म्हणायच्या आणि मग चपला काढायच्या.

पण गावाला हे कोण पटवणार? सोलापुराकडून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून गावात बातमी पसरली होती की 'कळांची सुई' म्हणून एक चीज आहे, टोचली की बाई चुटकीसरशी मोकळी होते. मग ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. पाटलांच्या थोरल्या सुनेची वेळ आली तेव्हा पाटील काठी घेऊन ओसरीवर बसले. पहाटेपासून सून कळा देत होती. दिवस वर आला तशी पाटलांनी आतल्या दिशेनं हाक दिली, "डाक्टरीणबाई, सुई हाय न्हवं तुमच्याकडं?"

"हाय," आतून बारीक आवाज आला.

"मग द्या की!"

"न्हाय द्यायची."

"का बरं?"

"भ्या वाटतंय."

"आँ? भ्या वाटतंय तर डाक्टरकी शिकला कशाला?"

मी सासूबाईंबरोबर तिथंच होते. अक्कांनी त्या पोरीला उठवलं, फिरवलं, तिच्या कमरेला कोमट तेल चोळलं, पेज पाजली. दर थोड्या वेळानं लाकडी नळी पोटाला लावून बाळाचे ठोके ऐकायच्या. पाटील बाहेर काठी आपटत होते आणि प्रत्येक ठोक्याला अक्का दचकत होत्या. दुपार कलली तसं मूल झालं, धडधाकट. मग अक्कांनी सुई दिली आणि भिंतीला टेकून डोळे मिटले. पाटलांनी गावभर बत्तासे वाटले आणि चावडीवर सांगितलं, "डाक्टरीण काय करती म्हणाल तर काय न्हाय. नुसती भिऊन बसती." आमच्या सासूबाईंनी ते घरी येऊन इतक्या चवीनं सांगितलं की मामंजींना ठसका लागला.

मला मात्र एक गोष्ट खटकली होती. पाटलांची सून मधेच एकदा निवांत पडली आणि म्हणाली, "अक्का, आता बरं वाटतंय." त्यासरशी अक्का अशा पांढऱ्याफटक पडल्या की मला वाटलं आता याच कोसळतात. त्यांनी झडप घालून तिची नाडी धरली, पोटावर हात ठेवला, नळी लावली. पोरीला कळ आली, ती ओरडली, तेव्हा कुठं अक्कांच्या जिवात जीव आला. बाळंतीण ओरडली म्हणून खूश होणारी बाई मी तेवढी एकच पाहिली.

पुढं कधीतरी भर दुपारी वाळूवर पाणी शिंपडताना त्यांनी आपण होऊन सांगितलं. जनाना दवाखान्यात होत्या तेव्हाची गोष्ट. अडलेली बाई, तिसऱ्या खेपेची. घरच्यांना घाई, वरच्या डॉक्टरांना त्याहून घाई. त्यांनी सांगितलं, सुई द्या. अक्कांनी दिली. कळ आली ती सुटेचना. पोट दगडासारखं कडक झालं. बाई किंचाळत होती, अक्कांचा हात धरून ठेवला होता. आणि एकाएकी सगळं थांबलं. कळ गेली. बाईच्या चेहऱ्यावर हसू आलं. म्हणाली, "बाई, आता बरं वाटतंय."

"मला बी बरं वाटलं," अक्का म्हणाल्या. "मी तिचा घाम पुसला. पिशवी फाटली की कळा थांबत्यात, हे पुस्तकात वाचलं व्हतं मी. पण त्या घटकंला आठवलं न्हाय. तिचा हात माझ्या हातातच गार झाला."

एवढं बोलून त्या वाळूवर पाणी शिंपडत राहिल्या. वाळू ओली झाली तरी शिंपडत राहिल्या. शेवटी मी तांब्या काढून घेतला.

मग ते वाईट वर्ष आलं. निजामाचं राज्य आता राहतं की जातं, अशी हवा होती. सरहद्दीपलीकडून माल येणं बंद झालं. मीठ मिळेना, रॉकेल मिळेना, औषधांचं तर नाव नको. हत्यारबंद टोळ्या गावोगाव फिरायला लागल्या. आज अमक्या गावात गंजी पेटवल्या, उद्या तमक्या गावात माणसं कापली, अशा बातम्या रोज यायच्या. खऱ्या किती, खोट्या किती, हे विचारत बसायची सोय नव्हती, कारण खऱ्याही होत्या. कुत्रं भुंकलं तरी साऱ्या गल्लीचं धाबं दणाणायचं. घरोघरी गाड्या जुंपायच्या तयारीत असायच्या. सारं गाव अक्कांसारखं झालं होतं म्हणा ना. अक्कांच्या मडक्यातल्या कुप्या एकेक करत संपल्या आणि शेवटी एकच उरली.

अशात माझी नणंद सोना बाळंतपणाला माहेरी आली. तिची ही दुसरी खेप. पहिलं मूल सासरी झालं ते मेलेलंच. तेव्हापासून पोरगी हसायची विसरली होती. नऊ महिने भरत आले तशी दिवसभर पोटावर हात ठेवून बसायची आणि पाय हलला की मला सांगायची, "वैनी, हाललं बघ." सासूबाई वरून कडक, पण लेकीच्या काळजीनं त्यांचं अन्न तुटलं होतं. तुळजापूरच्या आईला नवस बोलून झाला. देव्हाऱ्यात देवीच्या टाकापुढं त्यांनी अखंड समई लावली, सोना सुटेपर्यंत विझू द्यायची नाही. तेलाची एवढी टंचाई, पण समई तेवत होती.

सासूबाईंचे भाऊ, गुंडूमामा, सोलापुरात एका डॉक्टरकडं कंपाउंडर होते. बहिणीनं निरोप धाडला म्हणून त्यांनी एक कुपी आणली. जोंधळ्याच्या पिठाच्या गाठोड्यात लपवून, नाका चुकवून, आडवाटेनं. सासूबाईंनी तिला हळदकुंकू वाहिलं आणि देव्हाऱ्यात समईच्या पायाशी ठेवली. कुणालाही तिथं हात लावू देत नव्हत्या. कुपी आल्याचं अक्कांना कळलं तेव्हा त्या गल्ली ओलांडून आल्या आणि म्हणाल्या, "काकू, ती मला द्या. वाळूत ठिवते."

"तुमी ठिवून घ्याल आन् द्यायच्या येळंला म्हणाल भ्या वाटतंय," सासूबाई म्हणाल्या. "म्या वळखून हाय तुमाला. ऱ्हाऊ द्या ती देवापाशी."

अक्का परत गेल्या. भांडायलाही त्या भ्यायच्या.

सोनाला कळा लागल्या त्याच सकाळी हूल उठली की टोळी नळदुर्गाकडून निघालीय. गाव उठलं. बायका पोरं काखेत मारून गाड्यांत बसायला लागल्या. घरचे पुरुष गुरं घेऊन आदल्या दिवशीच पुढं गेले होते, आणि मामा आम्हाला सरहद्दीपलीकडं न्यायलाच आले होते. त्यांनी दारात गाडी आणून लावली. बैल जुंपलेले, दावणीचे खुंटे उपटलेले, आणि आत सोना उकिडवी बसून कळा देत होती. अक्का आल्या, तपासलं आणि म्हणाल्या, "मूल मोठं हाय. त्याचं तोंड उलटं फिरलंय. येईल, पण येळ लागंल."

"किती येळ?" मामांनी दारातून विचारलं.

"ते त्याचं त्याला म्हाईत."

"बाई, ते लोक यायलेत! सगळा गाव चाललाय. सुई द्या, पोरीला मोकळी करा, घालू गाडीत न् निघू."

"बाळ बाहेर, मग सुई."

"आवो, इथं सगळी मराय लागलीत आन् तुमचं काय चाललंय!" सासूबाई ओरडल्या. त्यांचंही चुकत नव्हतं. बाहेर गाड्यांची चाकं वाजत होती, कुणी कुणाला हाका मारत होतं, आणि मला सारखं वाटत होतं की आत्ता गल्लीच्या तोंडाशी घोडे दिसतील. मलाही मनातून वाटलं की द्यावी एकदाची सुई. वाटलं ते खरं सांगते.

अक्का दातावर दात धरून बसल्या होत्या. त्यांच्या भावजयीची गाडी दारावरून गेली, तिनं हाक दिली, "नीलाक्का, बर्री!" म्हणजे या, चला. अक्कांनी दाराकडं पाहिलं, करडगी मुठीत धरली आणि मान हलवली. मग मला म्हणाल्या, "पोरी, इथंच बस. मी घरनं माझी कुपी न् उकळलेली सुई घेऊन येते." आणि गल्ली ओलांडून गेल्या.

तेवढ्यात व्हायचं ते झालं. सासूबाईंनी देव्हाऱ्यातली कुपी उचलली, भावाच्या हातात दिली. मी "अत्याबाई, नको, अक्का येऊ द्या," म्हणाले, तर त्यांनी मला हातानं बाजूला सारलं. मामांनी कुपीची मान मोडली, आपल्याजवळची पिचकारी भरली आणि सोनाच्या मांडीत सुई टोचली. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोवर झालं.

अक्का मडकं काखेत घेऊन परत आल्या. त्यांनी जमिनीवर पडलेली काचेची मान पाहिली. मामांच्या हातातली पिचकारी पाहिली. मला वाटलं, आता ओरडतील. पण मडकं खाली ठेवून त्या सोनाजवळ बसल्या, एक हात तिच्या पोटावर, दुसरा मनगटावर, आणि तिच्या तोंडाकडं टक लावून पाहायला लागल्या. एवढं भ्यालेलं तोंड मी पुन्हा कुणाचं पाहिलं नाही. काय व्हायचंय, ते त्या खोलीत त्यांना एकटीला ठाऊक होतं. आणि मला.

कळ आली. सोना ओरडली. मी मनात म्हणत होते, सुट, सुट, सुट. पोट कडक होत गेलं. अक्कांचे ओठ हलत होते. आणि मग, देवा, कळ सुटली. सोनानं श्वास घेतला. परत कळ आली, परत सुटली. आधी येत होती तशीच.

बऱ्याच वेळानं अक्कांनी मान वर केली. "काकू," त्या पुटपुटल्या, "कुपी कुठं ठिवली व्हती?"

"देवापाशी. समईला लागून," सासूबाई म्हणाल्या. त्या आता रडायच्या बेतात होत्या. "आली तवापसनं."

"समई?"

"अखंड."

अक्कांनी डोळे मिटले. "पाणी झालं असंल मग तिचं," त्या म्हणाल्या. "झालं असंल. शिवने, झालेलं असू दे." पण पोटावरचा हात त्यांनी काढला नाही.

गाव रिकामं झालं. चाकांचे आवाज लांब गेले आणि मग काहीच ऐकू येईना. ती शांतता जास्त वाईट होती. मामा दाराशी कुऱ्हाड घेऊन उभे होते, काय उपयोग तिचा! आणि त्या शांततेत सोना एकदम सैल पडली, माझ्याकडं बघून म्हणाली, "वैनी, आता बरं वाटतंय."

मी अक्कांकडं पाहिलं नाही, पाहायची हिंमतच झाली नाही. फक्त त्यांचा हात दिसत होता, सोनाच्या मनगटावर, बोटं दाबलेली. मग त्यांनी नळी लावली आणि वाकून ऐकत राहिल्या. किती वेळ, देव जाणे. शेवटी नळीवरून डोकं न उचलताच म्हणाल्या, "हाय. पळतंय. दोघंबी हायती." जोराच्या कळा येण्याआधी काही बायांना अशी एक झापड येते म्हणे. थोड्याच वेळात सोना किंचाळली आणि अक्का म्हणाल्या, "वरड, लई वरड!"

मुलगी झाली. निळसर होती. अक्कांनी उलटी धरून पाठीवर थापट्या मारल्या, तोंड पुसलं, आणि ती रडली. सासूबाई मटकन खाली बसल्या. वार पडली. आम्ही श्वास सोडतो न सोडतो तोच अक्का म्हणाल्या, "रगत." धोतराची पानं एकामागून एक भिजायला लागली. सोनाचे ओठ पांढरे पडले. अक्कांनी वाळूतली ती शेवटची कुपी काढली, मान मोडली, सुई दिली, आणि मुठीनं पोट चोळत सासूबाईंना ओरडून सांगितलं, "पोरीला छातीला लावा हिच्या!"

सासूबाई दचकल्या. आमच्याकडं पहिलं दूध वाईट मानायचे, तीन दिवस पिळून टाकायचे, तोवर बाळाला गुळाच्या पाण्याचा बोळा. "आवो पण तिसऱ्या दिवसाबिगार..."

"काकू! गाय व्याली आन् जार टाकंना झाली की वासरू लावता का न्हाय?"

"लावतो."

"कशापायी?"

"पान्हवती. मग आवळून जार पडतो."

"मग ही लेक काय गायीपरीस कमी हाय व्हय तुमची? लावा!"

अक्का कुणावर ओरडल्याचं गावानं कधी ऐकलं नव्हतं. सासूबाईंनी नात उचलली आणि लेकीच्या छातीला लावली. पोरगी आधी नुसती तोंड घासत राहिली. मग तिला सापडलं. सोना अर्धवट शुद्धीत होती, तिचा हात आपोआप वर आला आणि पोरीच्या डोक्यावर बसला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. अक्का पोट चोळतच होत्या. मग थांबल्या, चाचपून पाहिलं, माझा हात धरून तिथं ठेवला. पोटात नारळासारखा कडक गोळा लागला. "आवळली," त्या म्हणाल्या. रक्त कमी होत होत थांबलं.

सोनाला त्या दिवशी हलवणं शक्य नव्हतं. अक्कांची भावजय, घरदार सगळं गेलेलं, पण त्या हलल्या नाहीत. आमच्याच घरात, दाराकडं पाठ करून बसून राहिल्या, कारण दाराकडं तोंड केलं की त्यांना भीती वाटायची. त्या दिवशी कुणी आलं नाही. टोळी दुसऱ्याच वाटेनं गेली होती. पुढं सोना बसती झाल्यावर आम्ही पलीकडं गेलो. अक्का बैलाच्या भीतीनं गाडीत बसेनात, कासरा धरलेल्या मामांपासून चार हात लांबून पायीच चालत आल्या.

राज्य बदललं, आम्ही परत आलो. तुळजापूरच्या आईनं राखलं, असं सासूबाई म्हणायच्या. समईच्या उबेनं राखलं, असं अक्का म्हणायच्या. त्यावरून दोघींचं पुढं वर्षानुवर्षं वाजत राहिलं, पण 'भित्री डाक्टरीण' हे नाव सासूबाईंनी परत घेतलं. गावानं घेतलं नाही. आणि आमच्या घरी पुढं जी जी बाळंतीण झाली, तिच्या छातीला सासूबाईंनी स्वतः, पहिल्या घटकेला, लेकरू लावलं.

नीलाक्का म्हातारपणी पोटाच्या दुखण्यानं पडल्या. काय आहे, ते त्यांना सगळ्यांच्या आधी कळलं होतं. मी रोज जायची. "कसं वाटतंय?" विचारलं की म्हणायच्या, "दुखायलंय गं. लई दुखायलंय." आणि मला डोळ्यांनी दटावायच्या, म्हणजे दुखतंय तोवर घाबरू नको. सोना लेकीला घेऊन भेटून गेली. त्या पोरीचा हात अक्कांनी बराच वेळ धरून ठेवला होता.

मी शेवटचं पाहिलं तेव्हा दुपार होती. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. विभूती नीट लावलेली, चष्मा पुसलेला. बाहेर रस्त्यावरून मोटार गेली, मी सवयीनं त्यांच्याकडं पाहिलं, तर दचकल्या नाहीत. करडगीवर हात नव्हता, दोन्ही हात मांडीवर उघडे होते. कोपऱ्यात ते मडकं होतं, वाळू वाळून गेलेली. मी म्हटलं, "अक्का, पाणी शिंपडू का?" त्यांनी मान हलवली. माझ्याकडं बघून हसल्या.

"आता बरं वाटतंय," त्या म्हणाल्या.

मी तांब्या खाली ठेवला, त्यांच्याजवळ बसले आणि त्यांच्या मनगटावर बोटं दाबली.